पहिले पिस्तूल: घरासाठी की नेमबाजीसाठी?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी 'नेमबाजी' एवढेच कळविले होते. त्यांनी पत्रकावर छापले, 'पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?' त्यांच्यावर मी रागावलो नाही. गेली वीस-बावीस वर्षे मी नवशिक्यांच्या हातात पिस्तूल देत आलो आहे, आणि येणाऱ्या दहा माणसांपैकी आठांचा पहिला प्रश्न हाच असतो. उरलेल्या दोघांनी ते आधीच पसंत केलेले असते, आणि ते केवळ माझी मान डोलण्याची वाट पाहत असतात.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. गावापासून अडीच मैलांवर मळ्यात त्यांचे घर. पलीकडच्या वस्तीवर रात्री चोर आले, म्हाताऱ्या जोडप्याला मारहाण करून डाग घेऊन गेले. गुरुजी म्हणाले, "मला त्यातले काही कळत नाही. तुम्ही एकच नाव सांगा, मी तेच घेतो. आणि घेतलेच आहे तर रविवारी तुमच्या क्लबात येऊन नेमही धरीन." मी त्यांना विचारले, "घरात कोण कोण असते?" ते म्हणाले, "मी, मंडळी आणि मुलगा," आणि थोडे थांबले. त्या थांबण्याकडे त्या दिवशी माझे लक्ष गेले नाही. पुढे गेले, ते सांगेनच.

गुरुजींच्या त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गरजा एकत्र झाल्या होत्या, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. घराच्या राखणीसाठी म्हणून जे हत्यार लोक पसंत करतात त्याने नेमबाजी शिकता येत नाही. आणि नेमबाजी ज्याने उत्तम शिकता येते ते राखणीच्या कामाचे नाही. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेला माणूस दोन्हींना मुकतो.

परंतु दुकानाच्या आधी कायद्याचा उंबरठा आहे. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातातली शस्त्रे गेली, आणि तो सल इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याने शस्त्र हा हक्क मानला नाही. परवान्याची वाट तेवढी ठेवली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या माणसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांकडे अर्ज करायचा. पोलिसांचा अहवाल जातो. गरज काय, हे पटवावे लागते. २०१६ च्या नियमांनी सुरक्षिततेचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागू केला, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतील असे ठरले. त्याच दुरुस्तीत वरातीत हर्षाने बार काढणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आज समोर नवरदेवांचे मामा बरेच दिसतात म्हणून आठवण करून दिली.

आधी परवाना, मग हत्यार, हा क्रम कधीही उलटा होत नाही. परवाना पित्याच्या नावावर असेल तर पिस्तूल मुलाचे होत नाही, पत्नीचेही होत नाही. 'जरा ठेवा तुमच्याकडे' म्हणून शेजाऱ्याकडे ठेवायला ती काही दळणाची पिशवी नव्हे.

आता बोअर. लष्कर आणि पोलीस जी काडतुसे वापरतात ती ज्यांत चालतात, ती बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. ९ मिलिमीटर, .३८ ही त्यांतली ठळक नावे. म्हणून सिनेमात पाहिलेली जी पिस्तुले मुले मला नावानिशी सांगतात, त्यांतली बहुतेक आपल्या परवान्यावर येऊच शकत नाहीत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाने परदेशी हत्यार आणणेही बंद झाले. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. परिणाम असा झाला की त्यापूर्वी आलेली जुनी विलायती पिस्तुले हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती सोन्यासारख्या चढल्या. किंमत जास्त म्हणजे वस्तू चांगली, हा हिशेब इथे लागू पडत नाही. ती किंमत दुर्मिळतेची आहे.

तेव्हा नवख्यापुढे खरोखर उरतात दोन बोअर: .३२ आणि .२२. यात .३२ मध्येही एक फसगत आहे. .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे पिस्तूल यांची काडतुसे एक नव्हेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब, सुमारे तेवीस मिलिमीटरच्या पितळी नळकांड्याचे. पिस्तुलाचे आखूड, सतरा मिलिमीटरचे. दुकानात '.३२ ची द्या' एवढेच म्हणून भागत नाही.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक नीट समजून घ्या. रिव्हॉल्व्हरला फिरती चक्री असते, तिला बहुधा सहा घरे. प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढत गेले की घोडा मागे जातो, चक्री एका घराने फिरते, आणि ओढ पुरी झाली की घोडा सुटून काडतुसावर आदळतो. ही सारी कामे एका बोटाने करायची म्हणून ती ओढ लांब आणि जड असते. घोडा आधीच अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर मात्र चाप अगदी हलका होतो. पिस्तुलात चक्री नाही. काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात; बार उडाला की त्याच धक्क्याने वरची पोलादी सरक मागे जाते, रिकामे नळकांडे बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीच्या तोंडाशी ढकलते. म्हणजे पहिल्या बारानंतर पिस्तूल आपले आपणच पुन्हा तयार होते. नवशिक्याच्या हाती ही तत्परता वाईट.

याचा दाखला दुसऱ्या कोणाचा देण्याऐवजी माझाच देतो. माझ्याकडे एक जुने .३२ चे पिस्तूल होते. एका दुपारी ते साफ करायला बसलो. मॅगझिन काढून गादीवर ठेवले. पिस्तूल रिकामे झाले असे मनाने घेतले. आदल्या दिवशी रेंजवरून घाईने निघताना एक काडतूस नळीत राहिले होते, आणि मॅगझिन काढल्याने ते काही बाहेर पडत नाही. सरक मागे ओढून नळीत डोकावायचे, बोट घालून चाचपायचे, हे मी शेकडो जणांना शिकविले होते. त्या दिवशी स्वतः केले नाही. चाप दाबला. गोळी कपाटाच्या प्लायच्या दारातून आरपार गेली आणि आत रचलेल्या गाद्यांत अडकली. अर्ध्या तासापूर्वी भाचा त्या कपाटाला टेकून अभ्यास करीत होता. स्वयंपाकघरातून पत्नी धावत आली. तिने काही विचारले ते मला ऐकू आले नाही, कारण बंद खोलीतल्या त्या आवाजाने माझे कान बसले होते. डाव्या कानात तेव्हापासून जी शीळ वाजते आहे ती आजही, तुमच्याशी बोलताना, वाजते आहे.

म्हणून पहिले हत्यार .३२ चेच घ्यायचे असेल तर मी रिव्हॉल्व्हर सांगतो. कानपूरच्या कारखान्यातले जुने रिव्हॉल्व्हर मधून मोडते. एक खटका दाबला की नळी खाली झुकते आणि सहाही घरे डोळ्यांपुढे येतात. भरलेले की रिकामे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. २०२३ साली तिथूनच निघालेल्या 'प्रबळ'ची चक्री बाजूला उघडते; फायदा तोच. काडतूस दगा देऊन उडाले नाही तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे घर समोर येते. मात्र नेमबाजीच्या मैदानावर असे करू नये. काडतूस उशिरा पेट घेऊ शकते, तेव्हा नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे.

दुकानात गेल्यावर माणूस पहिल्यांदा काय पाहतो? हलके आहे का ते पाहतो. २०१४ साली कानपूरहूनच 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर आले. दिल्लीच्या २०१२ सालच्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या सोयीचे म्हणून त्याचा गाजावाजा झाला. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये ठेवायला हलके हे खरे. पण गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येते, आणि तो जोर पिण्याचे काम हत्याराच्या वजनाचे. तीच गोळी सातशे ग्रॅमच्या पोलादातून सुटली तर हात कमी उडतो, पाचशे ग्रॅममधून सुटली तर अधिक. नवख्याला दुसऱ्याच बाराला धक्क्याची धास्ती बसते, आणि बार उडण्याआधीच त्याचे मनगट खाली झुकू लागते. यावर आमचा एक जुना उपाय आहे. शिकविणाऱ्याने चक्रीतली दोन-तीन घरे गुपचूप रिकामी ठेवून रिव्हॉल्व्हर हातात द्यायचे. रिकाम्या घरावर घोडा पडतो, बार होत नाही, आणि नळीचे टोक मात्र खाली आपटते. माणूस स्वतःशीच हसतो. त्याला यापेक्षा जास्त काही सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट नळीची लांबी. गोळी लांब नळीतून थोडी वेगाने सुटते, पण नवशिक्याच्या दृष्टीने ते गौण. खरे कारण नेमात आहे. नळीच्या टोकाला माशी असते, मागे खाच असते. खाचेतून माशी मधोमध दिसली म्हणजे नेम बसला. आता माशी आणि खाच यांत दीडशे मिलिमीटरचे अंतर आहे असे धरा, आणि माशी फक्त एक मिलिमीटर सरकलेली आहे. दहा मीटरवर ती चूक सदुसष्ट मिलिमीटरची होते, म्हणजे जवळजवळ चार बोटे. हेच अंतर शंभर मिलिमीटर असेल तर चूक शंभर मिलिमीटरची. तीनशे असेल तर तेहेतीसची. खिशात मावणाऱ्या तोकड्या रिव्हॉल्व्हरने नेम शिकायला बसणे म्हणजे वीतभर पट्टीने शेत मोजणे. तेव्हा परवान्यात बसेल आणि हाताला पेलेल तितकी लांब नळी घ्या.

आणि हात. जोडा पायात घालून पाहिल्याशिवाय घेत नाही आपण. पिस्तूल मात्र काचेतून पाहून घेतो. मूठ अशी बसली पाहिजे की नळी कोपरापर्यंतच्या हाताशी सरळ रेषेत राहील आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकेल. बोटाचे टोकच जेमतेम पोचत असेल तर प्रत्येक बार बाजूला ओढला जाईल. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट दाखवा, मग एकेक डोळा मिटून पाहा. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहते तो तुमचा नेमाचा डोळा. तो उजवाच असतो असे नाही.

आता नेमबाजीचे. ज्याला नेमबाजीच शिकायची आहे त्याला मी .३२ घेऊच देत नाही, निदान पहिली दोन वर्षे. हवेच्या दाबाने शिशाची ४.५ मिलिमीटरची गोळी सोडणारे पिस्तूल घ्यावे. २० जूलच्या आतल्या, .१७७ बोअरच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. आवाज नाही, धक्का नाही, काडतुसांचा खर्च नाही. मुले ते खेळणे समजतात. ते खेळणे नव्हे, डोळा फोडायला पुरेसे आहे. ऑलिंपिकमध्ये हेच असते: दहा मीटर अंतर, एक हात, साठ गोळ्या, आणि दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे. शर्टाच्या बटणाएवढे! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने याच प्रकारात कांस्यपदक मिळविले. हवाई पिस्तुलावर हात बसला म्हणजे .२२. त्याचा धक्का मामुली. पंचवीस मीटरवरच्या या पिस्तुलाने आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. मात्र .२२ चे पिस्तूल रिकामे असताना सरावासाठी घोडा पाडू नका. याचे काडतूस कडेवर आघात होऊन पेटते, म्हणून रिकाम्या नळीच्या कडेवरच ठोसा बसून ती झिजते.

राहिली घराची राखण. इथे मला तुमच्याशी थोडे कडू बोलावयाचे आहे. रात्री दोनला कडी वाजते. शस्त्र कपाटात कुलपात आहे, काडतुसे वेगळ्या कप्प्यात, किल्ली आपल्या जानव्याला किंवा उशाला. असेच ठेवावयास हवे; अर्जातही शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय आहे का, हे विचारलेले असते. मग अंधारात, घाबऱ्या हाताने, कुलूप काढून, काडतुसे भरून तुम्ही तयार होईपर्यंत काय होईल? म्हणून कित्येकजण ते भरून उशीखाली ठेवतात. उशीखालच्या पिस्तुलाला चोर आणि पाणी प्यायला उठलेली सून यांत भेद कळत नाही. आमच्या घरांची दारे प्लायची, मधल्या भिंती फळ्यांच्या. गोळी पलीकडच्या खोलीत जाते, हे माझ्या कपाटाने मला शिकविले. शिवाय निवडणूक आली की अनेकदा शस्त्र पोलिसांत जमा करावे लागते. त्या महिन्यात चोर सुट्टी घेत नाहीत.

कायदाही मोकळे रान देत नाही. जुन्या दंडसंहितेतल्या खाजगी संरक्षणाच्या तरतुदी १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आल्या आहेत. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. परंतु बचावाला जेवढी इजा आवश्यक तेवढीच करता येते, आणि पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हक्क उरत नाही. पळत्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा संरक्षण करीत नाही, गुन्हा करतो.

नागरिकांच्या घरी पिस्तुले सर्वांत अधिक आहेत ती अमेरिकेत, म्हणून याचे मोजमापही तिथेच झाले आहे. १९९३ साली तीन परगण्यांतल्या घरातल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर कारणे हिशेबात घेऊनही, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा संभव बंदूक नसलेल्या घराच्या सुमारे पावणेतीन पट निघाला, आणि मारणारा बहुधा घरातला किंवा ओळखीचा. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी त्रेसष्ट लाख प्रौढांची नोंद तपासली गेली. पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या जवळजवळ आठ पट. स्त्रियांत पस्तीस पट. आकडे परदेशचे आहेत, पण त्यामागचे कारण परदेशी नाही. निराशेची लाट येते आणि पुष्कळदा जाते. हाताशी काय आहे यावर तेवढ्या वेळात माणूस वाचतो की नाही हे ठरते.

हे आकडे मी गुरुजींना सांगत होतो. तेव्हा ते पुन्हा थांबले, आणि मग त्यांनी सांगितले. मुलगा पुण्याहून नोकरी सोडून आला होता. वर्षभर खोलीबाहेर फारसा येत नव्हता. औषधे चालू होती. मी पुढे काही बोललो नाही. परवान्याचा भरलेला अर्ज त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला.

त्या महिन्यात आम्ही दोघांनी त्यांच्या घराचे दुसरे काम केले. मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा, अंगणात माणूस आला की आपोआप लागणारे दोन दिवे, वस्तीवरच्या चार घरांत मिळून एक घंटा, आणि ११२ हा आकडा मोठ्या अक्षरांत फोनजवळ. सारे मिळून एका रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या चौथाईतही झाले नाही. ज्याची गरज खरी आहे, ज्याच्या घरात दारू नाही, भांडण नाही, आजार नाही, आणि जो महिन्यातून निदान दोनदा मैदानावर येईल, अशा मळ्यातल्या माणसाला मी पोलादी .३२ रिव्हॉल्व्हर आजही सांगतो. त्याने जुने घेतले तर परवानाधारक दुकानदाराकडूनच घ्यावे. नळीतून पांढऱ्या कागदाकडे पाहून आत खड्डे नाहीत ना ते पाहावे. घोडा ओढलेला असताना चक्री हलवून पाहावी, ती डुगडुगत असेल तर ते परत करावे. आणि कोकणातल्या मंडळींसाठी एक: पावसाळ्यात हत्यार कातडी म्यानात घालून ठेवू नका. कातडे ओल धरते, आणि श्रावण सरेपर्यंत पोलाद तांबडे होते.

गुरुजींनी घरी काहीच ठेवले नाही. क्लबाचे हवाई पिस्तूल ते रविवारी सकाळी क्लबात येऊन वापरतात, आणि तिथेच कुलपात ठेवून जातात. मुलाचा विषय ते काढीत नाहीत, मीही काढीत नाही. परवा तोच त्यांना मोटारसायकलवर सोडायला आला होता आणि फाटकाशी उभा राहिला होता. साठ गोळ्यांत गुरुजींचे त्या दिवशी ४८१ गुण झाले. शेवटच्या दहा गोळ्यांत हात थकतो अशी त्यांची तक्रार आहे, तेव्हा मी त्यांना रोज सकाळी पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून एकेक मिनिट धरायला सांगितली आहे.